भिंत चांगली वाळू द्या

राजुरीच्या भगवंतराव औटींच्या बाथरूमला पोपटी रंग देऊन नुकताच आठवडा झाला होता. त्या सकाळी ते दात घासत घासत रंग बघायला आत गेले, कौतुकानं भिंतीला बोट लावलं, आणि तळहाताएवढा रंग सुटून त्यांच्या हातात आला. त्यांनी दुसरीकडे बोट लावलं. तिथलाही आला. तिसरीकडे लावायची त्यांची छाती होईना, कारण तिथला रंग आपण होऊनच फुगला होता, तडकला होता आणि निम्मा खाली लोंबत होता.

"इंदू!" त्यांनी बायकोला हाक मारली. तोंडात फेस असल्यामुळं ती नुसती "उंऽऊ" अशी बाहेर पडली. इंदूबाईंना वाटलं नवऱ्याला फेफरं आलं. त्या कांदा घेऊन धावत आल्या, आणि भिंत बघून कांदा त्यांनी स्वतःच हुंगला.

आता एवढ्याशा रंगापायी माणसानं इतकं हादरायचं कशाला, असं कुणीही म्हणेल. पण त्या रंगावर भगवंतरावांची आई अवलंबून होती. म्हणजे अगदी तिचा जीव.

गोष्ट दोन हजार एक सालच्या हिवाळ्यातली. जुन्नर तालुक्यात तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी बिबट्या. उसात बिबट्या, ओढ्याला बिबट्या, बेल्ह्याच्या बाजाराहून येताना मोटरसायकलीपुढून गेलेला बिबट्या. औटींचा मोत्या कुत्रा तर मागच्या दारातून गेला आणि सकाळी त्याचा नुसता पट्टा सापडला. आणि त्याच मागच्या दारी, उसाच्या फडापासून हाकेच्या अंतरावर, तीन पत्रे आणि एक जुनं लुगडं लावून केलेल्या आडोशात भगवंतरावांच्या मातोश्री साळुबाई रोज पहाटे अंधारात आंघोळ करायच्या.

घरात बाथरूम होतं. भगवंतरावांनी हौसेनं बांधून घेतलं होतं, मागच्या पडवीला लागून, फरशी, नळ, खिडकी सगळं. पण त्याच खोलीच्या कोपऱ्यात संडासाचं भांडं बसवलं होतं, आणि वास्तुशांतीच्या दिवशी साळुबाईंनी ते पाहिलं. झालं! भरल्या मांडवात, सगळ्या भावकीसमोर, हातातलं ताट खाली ठेवून म्हातारी कडाडली, "जिथं बसायचं तिथंच न्हायचं? माणसं हायेत का कोन हायेत? म्या मेले तरी त्या खोलीत अंगावर पानी घेनार न्हाई!" एकदा साळुबाई बोलल्या म्हणजे बोलल्या. नवऱ्यालाही त्यांनी शब्द मागं घेऊन दाखवला नव्हता, तो मुलाला कुठला?

मोत्या गेल्यापासून भगवंतरावांची पहाटेची झोप उडाली होती. काठी घेऊन पाठीमागं उभं राहावं, तर आई ओरडायची, "बाई मानूस न्हातंय, लाज न्हाई वाटत?" मग ते पुढच्या खोलीत पांघरुणात डोळे टक्क उघडे ठेवून पडायचे. पत्र्याचा खडखडाट ऐकू यायचा. मग खूप वेळ काहीच ऐकू यायचं नाही, आणि त्या खूप वेळात भगवंतराव नाही नाही ते बघायचे. शेवटी "झालं गं माझं, उठा" अशी हाक आली की त्यांच्या जिवात जीव यायचा. चांगले पन्नाशीला आलेले गृहस्थ, पाटबंधारे खात्यात कॅनॉल इन्स्पेक्टर, ज्यांच्या शिट्टीनं पाणी चोरायला चारी फोडणारे गडी पळतात, ते आईच्या आंघोळीपायी वाळत चालले होते.

म्हणून हा रंगाचा घाट. संडासाच्या भांड्यापुढं त्यांनी आधी एक लाकडी फळकूट उभं केलं. मग आईच्या आवडीचा रंग. बेल्ह्याच्या सुभाषचंद शेठकडून अस्सल ऑइल पेंट आणला, गेणू पेंटरला बोलावलं. चुना खरवडून त्यानं पहिला हात दिला, दुसरा हात दिला (रंगाऱ्यांच्या भाषेत थराला हात म्हणतात), आणि जाताना बजावलं, "आठ दिस आत कोनी न्हायचं न्हाई, आन खिडकी उघडी ठेवायची." साळुबाई दारातून डोकावल्या. "रंग लावा, न्हाईतर सोन्याचा पत्रा ठोका," म्हणाल्या, "मी बोलले ते बोलले." पण जाता जाता त्यांनी एकदा वळून पाहिलं, ते भगवंतरावांनी टिपलं आणि त्यांना आशा वाटली.

आठ दिवस सगळं घर बाहेर. भगवंतराव त्या पत्र्याच्या आडोशात कुडकुडत, एक डोळा उसावर ठेवून आंघोळ करायचे. दुसऱ्या सोयीसाठी त्यांना डबा घेऊन शेजारच्या धर्माजीच्या घरी जावं लागायचं. कॅनॉल इन्स्पेक्टरनं भर रस्त्यानं डबा घेऊन जाणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल. त्यात धर्माजीला सल्ला द्यायची भयंकर हौस. आत माणूस बसलेला असताना हा बाहेर दाराशी उभा राहून सल्ला द्यायचा.

एवढं सोसलं, आणि पोपडे!

बातमी वाऱ्यासारखी पसरली. सुभाषचंद शेठ स्वतः टेम्पोतून उतरून बघायला आले. त्यांनी पोपडा उजेडात धरला, वास घेतला, सोन्याची अंगठी पारखावी तसा पारखला. "भगवंतराव, माल एक नंबर आहे. रंग रंगाला चिकटलेला आहे, बघा. भिंतच त्याला चिकटायला तयार नाही, त्याला मी काय करू? तुमच्या भिंतीत ओल आहे."

"ओल कुठून येईल? आठ दिवस कुणी आत थेंब सांडला नाही!"

"मग कॅनॉलचं पानी पाझारलं आसंल," धर्माजी म्हणाला.

बघ्यांत पिकली खसखस. भगवंतरावांचा चेहरा उतरला. एकोणीस वर्षं ज्यांनी लोकांच्या रानातला पाझर शोधला, त्यांच्याच भिंतीत पाझर! कॅनॉल तिथून दोन मैलांवर, पण ते ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एकानं विचारलंच, "काय रावसाहेब, बाथरूमला पानीपट्टी लावली का?"

गेणूनं येऊन पुन्हा सगळं खरवडलं, पुन्हा दोन हात दिले, आणि तो आंबेगाव तालुक्यात मंचरला लग्नघराच्या कामावर निघून गेला. तिथून त्यानं धर्माजीच्या घरी फोन केला, कारण आळीत फोन तेवढाच. लाइन खरखरत होती. धर्माजीनं "हां, हां" करत निरोप घेतला आणि धावत आला.

"भाऊ, गेणूचा निरोप हाय. म्हनला, भिंतीला चांगली वाळू द्या. घाई करू नका म्हनला, पन चांगली वाळू द्या."

"वाळू?"

"आता पेंटर म्हनतोय म्हंजी त्यात कायतरी आसंलच की. वाळू ओल ओढून घेती. भिंतीच्या बुडाशी द्यायची आसनार."

भगवंतरावांना हे शास्त्रीय वाटलं. शिकलेल्या माणसाला एखाद्या गोष्टीचं कारण मिळालं की ती गोष्ट खरी वाटायला वेळ लागत नाही. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, आणि "चांगली" म्हटल्यामुळं नदीची, चाळलेली, अख्खी ट्रॉली मागवली. ट्रॉली दारात ओतली गेली आणि तासाभरात तलाठी हजर.

"भगवंतराव, वाळूची पावती?"

"अहो, ही बांधकामाला नाही."

"मग कशाला?"

"भिंतीला द्यायची आहे." आपल्या तोंडून हे वाक्य बाहेर पडल्यावर ते कसं ऐकू येतं, हे भगवंतरावांना कळलं. "म्हणजे, बाथरूमला ओल आहे."

तलाठ्यानं आधी वाळूच्या ढिगाकडं पाहिलं, मग भगवंतरावांकडं, मग पुन्हा ढिगाकडं. "सरकारी माणूस तुम्ही. तुम्हीच असं करायला लागलात तर..." वाक्य त्यानं अर्धंच सोडलं. पुरं केलं असतं तर बरं, असं भगवंतरावांना रात्रभर वाटत राहिलं. ट्रॅक्टरवाल्याकडं पावती होती खरी, पण ती शोधून आणेपर्यंत निम्म्या गावात कॅनॉल इन्स्पेक्टरनं वाळू चोरली हे पक्कं झालं होतं.

तरीही ती वाळू त्यांनी भिंतीच्या बुडाशी दिली. पडवीत बाथरूमच्या दारापर्यंत जाड पट्टा पसरला. साळुबाई जपमाळ ओढत बघत होत्या. "इतकी वाळू घातलीस, आता कलिंगडं लाव," एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांनी गेणू आला. वाळू बघून तो पडवीतच खाली बसला.

"साहेब, ह्ये काय?"

"तूच सांगितलंस ना? चांगली वाळू द्या म्हणून?"

"आवो, भिंत वाळू द्या! भिंत चांगली वाळू द्या म्हनलं म्या! सुकू द्या! कोरडी व्हऊ द्या!" गेणूनं कपाळावर हात मारला. मग आत गेला, आणि आतून त्याचा आवाज आला, "आयला, साहेब, पुन्यांदा सुटला की!"

भगवंतराव आत धावले. आत सगळीकडं पोपडे. छतावरून लांब लांब पट्ट्या सुटून खाली आल्या होत्या. आणि आतमधली भिंत चक्क ओली! गेणू म्हणाला, ह्या भिंतीला घाम येतो. धर्माजी म्हणाला, घराची दिशा चुकली, बाथरूम पाडून पलीकडं बांधा. इंदूबाईंनी गुपचूप लेण्याद्रीच्या गणपतीला नवस बोलल्याचं नंतर कळलं. आणि भगवंतरावांना फक्त एकच दिसत होतं. आई पुन्हा सबंध हिवाळा त्या आडोशात न्हाणार. त्यांना खरोखर रडू आलं.

मग माणूस पेटतो ना, तसे ते पेटले. भिंतीला घाम येतो तर कधी येतो, हे डोळ्यांनी बघायचं ठरवलं. पाझर शोधण्यात आयुष्य गेलं होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी ते बॅटरी घेऊन दबकत पडवीत आले. वीज गेलेली होती. बाहेर आडोशावर आईचं लुगडं टाकलेलं दिसलं, म्हणजे आई न्हायला गेलेली. त्यांनी वाळूवर पाऊल ठेवलं आणि जागच्या जागी थिजले.

बाथरूमचं दार आतून ओढलेलं होतं. दाराच्या फटीतून वाफ बाहेर येत होती. आणि आतून आवाज येत होता. "हर्रर्र... हर्रर्र..."

बिबट्या आत. आणि आई बाहेर, अंगावर धड कपडा नाही, चार पावलांवर! त्यांनी कसलाही विचार न करता दाराला बाहेरून कडी घातली आणि जे बोंबलले, ते बेल्ह्यापर्यंत ऐकू गेलं असेल. "वाघ! वाघ! बाथरूमात वाघ! आई, घरात ये! नको, घरात येऊ नको! तिथंच थांब! नको, थांबू नको!"

आतली गुरगुर एकदम बंद झाली.

आळी उठली. कुणी काठ्या घेऊन, कुणी ताटल्या बडवत, कुणी दिवाळीतले राहिलेले फटाके घेऊन. धर्माजी हातात उलटा खराटा धरून आला आणि सगळ्यांच्या मागं उभं राहून सल्ला द्यायला लागला. फोन करून त्यानं वनखात्याला कळवलंसुद्धा होतं. अंगणात पन्नासभर माणसं जमली, पण पडवीत पाऊल टाकायला एकही तयार होईना. दाराशी एकटे भगवंतराव, कडी दोन्ही हातांनी दाबून धरलेली, दातखीळ बसायच्या बेतात.

तेवढ्यात दाराच्या फटीतून, अगदी हळू, आवाज आला.

"भग्या, कडी काढ."

भगवंतरावांचे डोळे पांढरे झाले. वाघानं त्यांना भग्या म्हटलं होतं.

"आन त्या गर्दीला आधी घालव. माझ्या अंगावं लुगडं न्हाई."

काय सांगावं तेव्हाची त्यांची अवस्था! आई? आत? त्या खोलीत? जिच्यासाठी सगळं घर थंडीत उघड्यावर न्हात होतं, ती आई आत, गरम पाण्यानं? "हर्र" म्हणजे "हर हर गंगे"? आणि बाहेर पन्नास माणसं, त्यातली निम्मी भावकी, वास्तुशांतीला मांडवात बसलेली, तिचा तो शब्द कानांनी ऐकलेली! दार उघडलं तर आई वाघाच्या तोंडातून वाचेल, पण लोकांच्या तोंडातून वाचणार नाही, एवढं त्यांच्या डोक्यात लख्ख उजाडलं.

जन्मात खोटं बोलताना ज्यांचे कान लाल होतात, ते भगवंतराव गर्रकन वळले आणि उसाकडं हात करून ओरडले, "गेला! खिडकीतून गेला! उसात गेला! तो बघा!"

"त्यो बगा!" धर्माजी ओरडला. त्याला खरंच दिसला. पुढं महिनाभर तो शेपटीची लांबी सांगत होता.

सगळी गर्दी फटाके लावत फडाकडं धावली. भगवंतरावांनी कडी काढली, तोंड फिरवलं, आडोशावरचं लुगडं मागं न बघता आत दिलं. क्षणभरानं साळुबाई ताठ मानेनं बाहेर आल्या, आणि काही झालंच नाही अशा थाटात स्वयंपाकघरात चुलीपुढं जाऊन बसल्या. केसांतून पाणी ठिबकत होतं.

भगवंतराव आत गेले. खिडकीत पोतं कोंबलेलं होतं, घट्ट, आतला उजेड बाहेर जाऊ नये म्हणून. ते ओलं गच्च होतं. रोज पहाटे कढत पाणी, बंद दार, बंद खिडकी, आणि त्या वाफेत कच्चा रंग! त्यांनी पोतं उपसून काढलं आणि तसंच छातीशी धरून उभे राहिले. मग चुलीपाशी गेले.

"आई, कधीपासून?"

साळुबाई निखाऱ्याकडं बघत राहिल्या. "मोत्याला नेलं तवापासून. तुमी उठायच्या आत. पत्रा वाजवायचा, लुगडं तिथंच टाकायचं, आन गुपचूप आत शिरायचं. रंग दिल्याव तर कोनी जाईना तिथं, मंग खोलीबी पाकसाफ झाल्यावानी वाटली." त्यांचा आवाज बारीक झाला. "लई भ्या वाटायचं रे मला त्या आडोशात. पन चारचौघांत बोलून बसले व्हते ना."

भगवंतराव तिच्याशेजारी चुलीपुढं बसले. आपली आई कशाला भिते, हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

चांगलं उजाडल्यावर जीपमधून वनरक्षक उतरला. मिशा पिकलेला, शांत माणूस. ठसे मोडू नयेत म्हणून लोकांनी त्याला हाताला धरून वाळूच्या कडेकडेनं बाथरूममध्ये नेलं. भिंतीवरचे उभे पोपडे बघून धर्माजी किंचाळला, "ह्या बगा नख्या! कसं वरबाडलंय!" गर्दीतून "अरे बापरे" झालं. भगवंतरावांचे कान लाल झाले.

वनरक्षकानं एक पोपडा चिमटीत धरून पाहिला. मग पडवीत आला, आणि वाळूपाशी उकिडवा बसला. त्या चांगल्या, चाळलेल्या वाळूत भगवंतरावांच्या आणि गेणूच्या चपलांचे ठसे होते. त्याखेरीज होती ती फक्त लहानशी अनवाणी पावलं, जाणारी आणि येणारी, कालची, परवाची, एकावर एक. जनावराचं एकही नाही. वनरक्षक बराच वेळ बघत राहिला. मग त्याची नजर उंबऱ्यात उभ्या साळुबाईंच्या पायांवर गेली. तिथून ओल्या केसांवर. मग भगवंतरावांच्या कानांवर.

तो उठला, हात झटकले.

"मादी आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "वयस्कर. स्वभावानं तापट असणार."

"म्हातारी म्हंजी दात पडलेली आसंल?" धर्माजीनं विचारलं.

"पडले असतील."

"हायेत म्हनावं आजून!" साळुबाई उंबऱ्यातून उसळल्या. मग भान येऊन म्हणाल्या, "नसत्याल का? कुत्रं नेलं की तिनं."

वनरक्षकाची मिशी जराशी हलली. तो साळुबाईंपुढं जाऊन उभा राहिला. "आजी, बाहेर तुम्ही न्हाता?"

भावकी कान देऊन ऐकत होती.

"हां," साळुबाई म्हणाल्या.

"आजपासून बंद. घरातच न्हायचं. हा सरकारी हुकूम समजा. तुमची इच्छा असो नसो."

साळुबाईंनी पदर सावरला, सगळ्या भावकीवरून एकदा नजर फिरवली आणि मोठा सुस्कारा टाकला. "आता सरकारच म्हनतंय तर काय करनार बाबा. माझं चाललं आसतं तर नसते गेले. न्हाईन आत."

जीपपाशी भगवंतराव वनरक्षकाचे दोन्ही हात धरून नुसतेच उभे राहिले. "भिंत एकदा चांगली वाळू द्या," तो म्हणाला, "मग रंग लावा." आणि जीप गेली.

पण रंग लावायचा राहिलाच. गेणू दोनदा येऊन गेला, साळुबाईंनी त्याला भिंतीला हात लावू दिला नाही. वाघाच्या नख्या बघायला पाहुणे येत होते.

वनरक्षक येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भगवंतराव सवयीनं जागे झाले आणि कान देऊन पडले. पत्र्याचा खडखडाट नाही. मागून, घरातून, मोकळ्या गळ्यानं आवाज आला, "हर्र हर्र गंगे!" मग भिंतीवरून काहीतरी भला मोठा तुकडा सुटून फरशीवर आपटल्याचा आवाज झाला.

"भग्या!" साळुबाई आतून ओरडल्या. "तुझा रंग पडला रे!"

"पडू दे, आई," भगवंतराव म्हणाले, आणि कूस बदलून ते कितीतरी दिवसांनी पहाटेचे झोपी गेले.